लाल माती, गादी आणि पिंजरा : मिश्र मल्लयुद्धातील डावपेचांची प्रस्तावना

मिक्स्ड मार्शल आर्ट्स, रूढ भाषेत एमएमए, हा ठोसे, लाथा, गुडघे, कोपर, उचलून टाकणे, सांधा पिळणे आणि गळा आवळणे या सगळ्यांना एकाच लढतीत मुभा देणारा, जाळीच्या पिंजऱ्यात खेळला जाणारा खेळ आहे. जिंकण्याचे मुख्य मार्ग तीन. प्रतिस्पर्धी लढण्याच्या स्थितीत राहत नाही आणि पंच लढत थांबवतात. तो पकडीत सापडून हाताने थापटून हार कबूल करतो. किंवा ठरलेल्या फेऱ्या संपतात आणि परीक्षकांच्या गुणांवर निकाल लागतो. मार्ग एकापेक्षा जास्त असले की निवड करावी लागते आणि निवड आली की आखणी आली. निव्वळ ताकदीवर किंवा एकाच विद्येवर हा खेळ फार काळ जिंकता येत नाही, हे त्याच्या तीन दशकांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसले आहे. या प्रस्तावनेत आखणीचा विचार सोलापूर आणि एकूण महाराष्ट्रातल्या कुस्तीच्या आधाराने केला आहे, कारण अंगाला अंग भिडवून लढण्याची मराठी माणसाची समज मुळात आखाड्यातून आलेली आहे.

सोलापूर जिल्ह्याला या बाबतीत अधिकार आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या बोरामणी या एका गावाने, तेही एकाच घरातून, तीन महाराष्ट्र केसरी दिले: १९८० साली इस्माईल शेख, १९९२ साली आप्पालाल शेख आणि २००२ साली मुन्नालाल शेख. माळशिरस तालुक्यातल्या निमगावचे रावसाहेब मगर १९८८ चे महाराष्ट्र केसरी. अलीकडच्या काळात मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड यांनी राज्याचे मैदान गाजवले. शहरातल्या पत्रा तालीम, पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम या नावांतच आखाडा आहे, मग आज त्यातली काही नावे मिरवणुकांमुळे जास्त कानावर पडत असली तरी. जिल्ह्यातला होतकरू मुलगा पुढे बहुधा कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या तालमीत जातो. सिकंदर गंगावेश तालमीचा, महेंद्र पुण्यात काका पवारांच्या हाताखालचा.

शस्त्राशिवाय लढण्याच्या अनेक रीती एकत्र विचारात घेणे या मातीला नवे नाही. मल्लयुद्धाचे परंपरेने चार प्रकार सांगितले जातात. भीमसेनी प्रकारात बळाला महत्त्व, हनुमंतीत युक्तीला, जांबुवंतीत पकडीने जखडून हार कबूल करायला लावण्याला आणि जरासंधीत हातपाय मोडण्याला. आजच्या पिंजऱ्यात हे चारही प्रकार पंधरा मिनिटांत एकामागोमाग दिसू शकतात. सोलापूरपासून फार दूर नसलेल्या कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य राजांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मल्लविनोद' हा स्वतंत्र भाग आहे. मल्लांची प्रतवारी, त्यांचा सराव, आहार आणि राजासमोर होणाऱ्या लढती यांचा विचार त्यात केलेला आहे. म्हणजे लढतीची तयारी हा अभ्यासाचा विषय आहे, ही जाण या प्रदेशात नऊशे वर्षांपूर्वीही होती.

विसाव्या शतकात मात्र महाराष्ट्रात यातला एकच धागा जोमाने वाढला, तो कुस्तीचा. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले ते १९१२ च्या सुमारास. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ साली स्थापन झाली आणि १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाली. ठोसा आणि सांधेमोड आखाड्याबाहेर गेले, चितपट हेच ध्येय उरले. त्यामुळे मराठी पैलवानाची सगळी आखणी एका प्रश्नाभोवती बांधली गेली: समोरच्याची पाठ मातीला कशी लावायची आणि आपली कशी वाचवायची.

लढतीतली आखणी ताकदीपासून किंवा डावांच्या संख्येपासून सुरू होत नाही. ती विजय कशाला म्हणायचे यापासून सुरू होते. नियम बदलला की तोच डाव शहाणपणाचा ठरतो किंवा वेडेपणाचा. कुस्तीतच याचे पुरावे ढिगाने आहेत.

जत्रेतली कुस्ती मुळात निकाली असते. चितपट होईपर्यंत किंवा पंच बरोबरीत सोडवेपर्यंत लढत चालते. अशा मैदानात ज्याचा दम मोठा त्याला घाई नसते. तो खडाखडीत वेळ घालवतो, मानेवर वजन टाकत राहतो, मनगट खेचत राहतो आणि समोरच्याचे खांदे जड झाले की पट काढतो, म्हणजे खाली घुसून पाय धरून पाडतो. गादीवरची कुस्ती याच्या उलट आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, पाडून कब्जा घेतला तर दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकलले तर एक, उभ्याने टाकून पाठ थेट धोक्यात आणली तर चार, आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांचा फरक पडला की लढत तिथेच संपते. इथे शेवटच्या तीस सेकंदांत एका गुणाने पुढे असलेला मल्ल काय करतो हा पूर्णपणे हिशोबाचा प्रश्न आहे. गुण सारखे झाले तर केवळ बेरीज पुरत नाही. मोठ्या गुणांचे डाव किती, ताकिदी किती, शेवटचा गुण कोणी घेतला हे पाहिले जाते. त्यामुळे ५-५ असा फलक लागलेला असतानाही दोघांपैकी एकजण जिंकत असतो आणि दुसऱ्याला धोका पत्करावाच लागतो. हे ज्याला ठाऊक नाही तो सुरक्षित खेळत खेळत हरतो.

महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी भिडतात. एकाच स्पर्धेत दोन पृष्ठभाग आणि दोन सवयी एकमेकांसमोर येतात. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झालेल्या स्पर्धेत माती विभागाच्या अंतिम फेरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड हे सोलापूर जिल्ह्याचेच दोन मल्ल समोरासमोर आले. महेंद्रच्या बाहेरच्या टांगेला चार गुण मिळाले, त्या गुणांनी लढतीचे पारडे फिरले आणि त्यावरून राज्यभर वाद झाला. चहाच्या टपरीपासून दूरचित्रवाणीपर्यंत चर्चा एकाच गोष्टीची होती: डाव बसला तेव्हा पाठ खरोखर धोक्याच्या स्थितीत गेली होती का. या वादाचा निवाडा इथे करण्याचे कारण नाही. आखणीच्या अभ्यासकाला त्यातून दिसते ते एवढेच की डाव नुसता बसून भागत नाही, तो पंचाच्या नजरेत आणि नियमाच्या शब्दांत बसावा लागतो. किताबाच्या लढतीत शिवराज राक्षेने महेंद्रला मिनिटभराच्या आत चितपट केले. दोघेही काका पवारांचेच शिष्य असल्याने एकमेकांचे हात ओळखणारे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला झालेल्या स्पर्धेत सिकंदरने शिवराजला झोळी डावावर अर्ध्या मिनिटाच्या आत अस्मान दाखवले.

एवढ्या लवकर संपलेल्या कुस्त्या बघून आखणीला वावच कुठे होता असे वाटेल. वस्तुस्थिती उलटी असते. सुरुवातीलाच, समोरच्याचे हात अजून अंदाज घेत असताना घुसायचे, हीसुद्धा ठरवून केलेली गोष्ट असू शकते. ज्याचा दम, वजन आणि अनुभव तोडीस तोड आहे त्याच्याशी सहा मिनिटांचा हिशोब मांडण्यापेक्षा पहिल्या झडपेत निकाल लावणे कधी कधी स्वस्त पडते. जुळ्या ताकदीच्या लढती एक तर फार लांबतात किंवा फार लवकर संपतात, असे आखाड्यातले जुने जाणकार म्हणतात, त्यात तथ्य आहे. २०२० च्या जानेवारीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके हे असेच एका तालमीतले दोन मल्ल अंतिम फेरीत आले होते. ती लढत ३-२ अशी गुणांवर सुटली. एकमेकांची तोड पाठ असलेल्यांची कुस्ती अशीही होते.

नियमाने आखणी कशी घडते याचे सर्वांत प्रसिद्ध भारतीय उदाहरण गामा पैलवानाचे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामाची गाठ पोलंडच्या स्तानिस्लाव झ्बिश्कोशी पडली. गामाने त्याला लवकरच खाली घेतले, पण झ्बिश्को पोटावर पालथा पडून राहिला आणि अडीच तासांहून अधिक वेळ तसाच चिकटून राहिला. त्याला जिंकायचे नव्हते, हरायचे नव्हते. पाठ लागली नाही तर हार नाही, एवढ्या एका नियमाच्या आधाराने त्याने लढत बरोबरीत नेली. प्रेक्षकांना ती कंटाळवाणी वाटली असणार, पण आखणी म्हणून ती चोख होती. पुढे १९२८ मध्ये पतियाळ्यात दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने त्याला खाली चिकटायला वेळच दिला नाही. मिनिटाच्या आत कुस्ती संपली. अठरा वर्षांपूर्वीचा पेच त्याने असा सोडवला.

खाशाबा जाधवांची वाटचालही याच अंगाने वाचता येते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेला तेव्हा मातीत तयार झालेला होता. गादीचे नियम त्याला नवे होते. तिथे अमेरिकेच्या रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्याला मिळाले आणि फ्लायवेट गटात तो सहावा आला. चार वर्षांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीला, बँटमवेट गटात त्याने कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मधल्या चार वर्षांत अंगातली ताकद दुप्पट झाली नव्हती. मातीतले ढाकीसारखे डाव गादीच्या घड्याळात कसे बसवायचे हे त्याने शिकून घेतले होते.

आता पिंजऱ्याकडे वळता येते. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हर येथे यूएफसीची, म्हणजे अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिपची, पहिली स्पर्धा झाली. वजनगट नव्हते आणि गुण देणारे परीक्षकही नव्हते. ब्राझीलचा रॉयस ग्रेसी हा त्यात अंगाने धिप्पाड वाटणारा नव्हता, तरी एका रात्रीत त्याने तिघांना हरवले. त्याची विद्या जपानी ज्युदोतून निघून ब्राझीलमध्ये वाढलेली. मित्सुयो माएदा या जपानी ज्युदोपटूने ती ग्रेसी घराण्याला दिली. समोरच्याला जमिनीवर न्यायचे आणि तिथे गळा किंवा हात पकडायचा, एवढाच त्याचा बेत. बाकीच्यांना जमिनीवर काय करायचे हेच माहीत नव्हते. डिसेंबर १९९४ मध्ये त्याची गाठ डॅन सेव्हर्न या बलदंड अमेरिकन कुस्तीगिराशी पडली. सेव्हर्नने त्याला सुमारे पंधरा मिनिटे पाठीवर दाबून ठेवले. खासबागेतला प्रेक्षक असता तर त्याने पहिल्याच मिनिटाला फेटा उडवला असता, कारण कुस्तीच्या हिशोबाने ग्रेसी केव्हाच चीत झालेला होता. पण त्याने खालूनच पायांचा त्रिकोण करून सेव्हर्नच्या मानेभोवती आवळला आणि वरचा माणूस थापटून हरला.

कुस्तीगिरांनी यावर उत्तर शोधायला फार वेळ लावला नाही. १९९६ मध्ये मार्क कोलमन या ऑलिंपिक दर्जाच्या मल्लाने समोरच्याला पाडायचे, वरून वजन ठेवायचे, पकडीत सापडायचे नाही आणि ठोसे मारत राहायचे ही रीत रुळवली. वर्षभर त्याला तोड सापडत नव्हती. ती जुलै १९९७ मध्ये मॉरिस स्मिथ या किकबॉक्सरने शोधली. स्मिथ पाडला गेला, पण खाली पडल्यावर घाबरला नाही. त्याने स्वतःला वाचवत कोलमनला वरच दमू दिले. वरचा माणूसही दमतो, किंबहुना जड माणूस वर जास्त दमतो, हे त्याने ताडले होते. पुढे कोलमनच्या हातात जोर उरला नाही आणि उभ्या लढतीत स्मिथने त्याला मारले. निकाल स्मिथच्या बाजूने गुणांवर लागला. चार वर्षांत तीन बेत आले आणि त्यातल्या पहिल्या दोन बेतांना तोड सापडली. एमएमएचा पुढचा सगळा इतिहास याच साखळीचा आहे. पुढे २००१ च्या सुमारास अमेरिकेत एकसमान नियम रूढ झाले: पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, किताबासाठी पाच, आणि दर फेरीला जिंकणाऱ्याला दहा गुण. कोपराने सरळ वरून खाली मारण्यावरची बंदी यूएफसीत नोव्हेंबर २०२४ पासून उठली. त्याबरोबर पट काढून समोरच्याच्या कमरेशी डोके टेकवून थांबणाऱ्या कुस्तीगिराची एक जुनी विश्रांतीची जागा धोक्याची झाली.

याच ठिकाणी सोलापूरच्या पैलवानाचा विचार सविस्तर करायला हवा. आखाड्यातून आलेल्या माणसाजवळ पिंजऱ्यासाठी बरेच काही तयार असते. एकेरी आणि दुहेरी पट, बगलडूब, ढाक, कलाजंग, धोबीपछाड या उभ्या डावांपैकी बहुतेक पिंजऱ्यात चालतात. खाली घेतल्यावर कब्जा टिकवण्याची सवय असते. मानेची ताकद असते. सवारीत पाय घालून माणूस जखडण्याची कला तर जमिनीवरच्या लढतीत सोन्यासारखी उपयोगी पडते. समोरचा उभा राहू पाहत असताना त्याला पुन्हा खाली आणत राहणे, पिंजऱ्याच्या जाळीला टेकवून त्याचे पाय गुंतवणे आणि एक हात बांधून दुसऱ्या हाताने मारणे हा दागेस्तानच्या खबीब नूरमगोमेदोवचा बेत होता. तो २९ लढती जिंकून आणि एकही न हरता निवृत्त झाला. त्याचा पाया कुस्तीच होता.

पण त्याच आखाड्याने काही घातक सवयीही अंगात मुरवलेल्या असतात, आणि त्या चांगल्या सवयींइतक्याच खोल गेलेल्या असतात. सर्वांत मोठी सवय पाठीची. कुस्तीत पाठ मातीला लागू नये म्हणून पैलवान खाली गेला की पालथा होतो, गुडघे-कोपर टेकतो, पोट झाकतो. झ्बिश्कोने अडीच तास हेच केले. पिंजऱ्यात हीच स्थिती सर्वांत वाईट. पालथा झालेल्या माणसाची पाठ समोरच्याच्या छातीला मिळते, तो दोन्ही पाय मांड्यांत अडकवतो आणि मागून गळा आवळतो. कुस्तीत ज्याला वाचणे म्हणतात ते इथे हरण्याच्या अलीकडचे पाऊल ठरते. उलट पाठीवर पडणे, जे आखाड्यात लाजेचे, ते इथे तात्पुरते चालवून घेण्याजोगे असते, कारण हात आणि पाय मोकळे असतात आणि समोरचा डोळ्यांपुढे असतो. वर्षानुवर्षांचा हा प्रतिक्षेप पुसायला नवे डाव शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

दुसरी सवय डोक्याची. पट काढताना मान सरळ ठेवून डोके समोरच्याच्या कुशीबाहेर गेले तर कुस्तीत फार तर पट हुकतो. पिंजऱ्यात समोरचा तीच मान काखेत घेऊन गिलोटिन आवळतो, किंवा खाली येणाऱ्या चेहऱ्यावर गुडघा घालतो. यूएफसीने करारबद्ध केलेला पहिला भारतीय म्हणून महाराष्ट्रातल्या भरत खंडारेचे नाव घेतले जाते. २५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघायमध्ये त्याची लढत चीनच्या सोंग यादोंगशी झाली आणि पहिल्याच फेरीत गिलोटिनने संपली. तिसरी सवय वर बसल्यावरच्या निश्चिंतीची. हरियाणाच्या फोगट घराण्यातली रितू फोगट कुस्तीतून या खेळात आली. डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापूरला ती एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली. समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स, मूळची ठोसे-लाथांची खेळाडू. जमिनीवर रितूचे पारडे जड असणार असा सर्वांचा अंदाज होता, आणि जमिनीवरच, दुसऱ्या फेरीत, स्टॅम्पने तिचा हात पकडून लढत जिंकली. समोरची व्यक्ती जिथे कच्ची समजली जाते तिथेच तिने तयारी केलेली असू शकते, ही शक्यता आखणीत धरावी लागते.

या सगळ्यात समान धागा अंतराचा आहे. एमएमएत चार अंतरे मानावीत: लाथेचे, ठोशाचे, अंगाला अंग भिडल्याचे आणि जमिनीवरचे. कोणती लढत कुठल्या अंतरावर खेळली जाईल हे ठरवणारा खेळाडू बहुधा जिंकतो. आखाड्यात पहिली दोन अंतरे नसतात; सलामी झाली की पैलवान हाताच्या टप्प्यात असतो. म्हणून खडाखडीतून पटापर्यंत जाणे सोपे. पिंजऱ्यात तेवढाच पल्ला ओलांडताना दोन धोक्याच्या पट्ट्यांतून जावे लागते. पट आंधळेपणाने काढून चालत नाही; आधी ठोशाची हूल द्यावी लागते, समोरच्याचे हात वर जाऊ द्यावे लागतात, आणि मग खाली घुसायचे. २०१५ मध्ये मेलबर्नला हॉली होमने रोंडा राऊझी या ज्युदोच्या ऑलिंपिक पदकविजेतीला याच हिशोबावर हरवले. राऊझी जवळ येऊ पाहत होती, होम बाजूला सरकत सरळ ठोशांनी तिला अडवत होती, आणि दुसऱ्या फेरीत डोक्यावर बसलेल्या लाथेने लढत संपली.

अंतराचा हिशोब टोकाला नेला तर काय होते याचा नमुना १९७६ च्या जूनमध्ये टोकियोत दिसला. मुष्टियोद्धा मुहम्मद अली आणि जपानी कुस्तीगीर अंतोनियो इनोकी यांच्या लढतीत इनोकी बहुतेक वेळ जमिनीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. ठोसा जमिनीपर्यंत पोचत नाही आणि अली खाली उतरायला तयार नाही, म्हणून पंधरा फेऱ्या तशाच गेल्या आणि लढत बरोबरीत सुटली. लोकांनी टर उडवली, पण अलीच्या पायांना झालेली इजा खरी होती. त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला इनोकीसमोर गामाच्या घराण्यातला अक्रम पैलवान उभा राहिला. हात पिळण्याच्या पकडीची तोड त्याच्याजवळ नव्हती. त्याचा हात निकामी झाला आणि लढत थांबली. भारतीय उपखंडातल्या आखाड्याने जांबुवंती विसरल्याची ती किंमत होती, असे म्हणणे फार धाडसाचे होणार नाही.

दमाविषयी थोडक्यात. मैदानी कुस्तीचा दम आणि पिंजऱ्याचा दम एक नाही. जोर-बैठकांनी येणारा दम सलग रेटण्याचा असतो. पाच मिनिटे रेटा, एक मिनिट विश्रांती, पुन्हा पाच मिनिटे, आणि मधे ठोसे खाणे, असा लयीत तुटणारा दम वेगळ्या सरावाने येतो. वजन उतरवून खालच्या गटात खेळण्याचा मोह दोन्हीकडे सारखाच आहे आणि तिसऱ्या फेरीत त्याची वसुली होते.

गुणांवर जाणाऱ्या लढतीत परीक्षक हा तिसरा खेळाडू मानावा लागतो. ८ जून २०२४ रोजी पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. तीन परीक्षकांपैकी एकाने ३०-२७ असे तिला तिन्ही फेऱ्यांत विजयी ठरवले, दुसऱ्याने नेमके तेवढेच तिच्या प्रतिस्पर्ध्याला दिले, आणि तिसऱ्याच्या २९-२८ वर निकाल लागला. तीच पंधरा मिनिटे दोन जाणकारांनी इतकी वेगळी पाहिली. यावरून निघणारा व्यवहार असा की चुरशीच्या फेरीत शेवटचे मिनिट मोकळे सोडायचे नाही. नुसते पाडून कब्जा घेण्याला गादीवर गुण मिळतात. पिंजऱ्यात पाडल्यावर काही इजा किंवा पकडीचा खरा धोका निर्माण केला नाही तर परीक्षक ते फारसे मोजत नाहीत. गादीवरून आलेल्या मल्लांना हा फरक सर्वांत उशिरा पटतो.

आखणीचा मोठा भाग लढतीच्या आधीच घडतो, आणि इथे महाराष्ट्रातल्या वस्तादांजवळ जुनी समज आहे. मैदानात जोड नेमली जाते तेव्हा वस्ताद वजन, वय, उंची, हाताची लांबी, डावखुरेपणा, मागच्या कुस्त्या आणि समोरच्याचा ठेवणीतला डाव बघतो. आपला पठ्ठ्या अजून तयार नसेल तर मोठ्या इनामाची कुस्तीही तो नाकारतो. उगवत्या मल्लाला सलग तीन अवघड जोडी लावून मोडणारे हौशी मार्गदर्शक आणि वर्षभर त्याला बेताच्या जोडी देत वाढवणारे वस्ताद, हा फरक पिंजऱ्यातही तसाच लागू आहे. तिथे चित्रफिती पाहून समोरच्याच्या सवयी टिपल्या जातात: लाथ मारताना तो कुठला हात खाली सोडतो, जाळीला टेकल्यावर कुठल्या बाजूने निसटतो, दमल्यावर तोंड उघडतो का. मग तालमीत त्याच्या बांध्याचा आणि ढंगाचा जोडीदार शोधून त्याच्याशी सराव केला जातो. एकच बेत घेऊन जाणे मात्र धोक्याचे, कारण पहिला बेत पहिल्या मिनिटात फसू शकतो. म्हणून पट फसला तर भिंतीला रेटणे, तेही फसले तर मोकळे होऊन पुन्हा अंतर घेणे, अशी उतरंड आधीच ठरवलेली असते.

लढतीच्या दरम्यान बाहेरून सांगण्याला दोन्ही खेळांत मर्यादा आहेत. जरासंधवधाच्या कीर्तनात ऐकलेला प्रसंग सर्वांना ठाऊक असतो: श्रीकृष्ण काडी उभी चिरून तिचे दोन तुकडे विरुद्ध दिशांना टाकतो आणि भीमाला काय करायचे ते कळते. खुणेची ही पद्धत आजही आखाड्याच्या कडेला जिवंत आहे. हलगीच्या कडकडाटात वस्तादाचा आवाज पोचत नाही, हात पोचतो. बाहेरचा माणूस नसला तर काय होते तेही हेलसिंकीत दिसले. खाशाबा जाधवांना जपानच्या शोहाची इशीशी झालेल्या लांब लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देता सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले आणि त्यांच्या बाजूने हरकत घेणारा भारतीय अधिकारी तिथे नव्हता, असे सांगितले जाते.

पिंजऱ्यात दोन फेऱ्यांच्या मध्ये साठ सेकंद मिळतात. त्यातली पहिली दहा-पंधरा श्वास जागेवर येण्यात आणि शेवटची दहा उठण्यात जातात. उरलेल्या वेळात जखमेवर बर्फ लावला जातो, पाण्याचा एक घोट दिला जातो आणि एक, फार तर दोन सूचना केल्या जातात. कानशिलावर ठोसा खाऊन आलेल्या माणसाला तिसरी सूचना आठवत नाही. त्यामुळे अनुभवी मार्गदर्शक सरावातच ठरवलेल्या दोन-तीन शब्दांच्या खुणा वापरतात, गुणांचा अंदाज स्पष्ट सांगतात, आणि फेरी हातची गेली असेल तर तेही लपवत नाहीत, कारण पिछाडीवर असल्याचे माहीत नसलेला खेळाडू शेवटच्या फेरीत धोका पत्करत नाही.

कुस्तीतून या खेळाकडे वळणाऱ्या मुलांच्या प्रशिक्षणात क्रम बहुधा असा ठेवावा लागतो: आधी हनुवटी आणि डोके वाचवणे, मग खाली गेल्यावर पाठ न देता समोर तोंड करून राहणे, त्यानंतर हूल देऊन पट काढणे, आणि कब्जा घेतल्यावर न थांबता काम करत राहणे. लाथा आणि ठोसे मारायला शिकणे यानंतर आले तरी चालते. आखाड्यात दहा वर्षे घालवलेल्याला नवे अंतर शिकायला दीड-दोन वर्षे देणारे मार्गदर्शक सहसा घाई करणाऱ्यांपेक्षा चांगले खेळाडू घडवतात.